टायरची पिवळी लाइट घालवू नका, आधी हवा बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

माझं साताऱ्यात टायर-पंक्चर आणि अलायनमेंटचं दुकान आहे. थंडी सुरू झाली की दरवर्षी एकच गोष्ट बघतो आणि दरवर्षी वाटतं की पेपरात लिहावं, म्हणजे दुकानात येणाऱ्यांच्या पलीकडेही चार लोकांपर्यंत जाईल. विषय आहे डॅशबोर्डवर लागणारी ती पिवळी लाइट, टायर आडवा कापल्यावर दिसेल तसा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह. टायरमधली हवा कमी झाली की ती लाइट लावून सांगणारी ही सिस्टीम आता आठ-दहा लाखांच्या गाडीतसुद्धा येते, त्यामुळे साताऱ्यासारख्या गावातही भरपूर गाड्यांत ती आहे, पण ती लागल्यावर काय करायचं हे गाडी देताना कोणी नीट सांगत नाही आणि गाडीबरोबरचं पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकमध्ये तसंच पडून राहतं.

लोक दुकानात येतात आणि म्हणतात, "मालक, तेवढी लाइट घालवून द्या की." हवा कमी आहे का बघा, असं म्हणणारे फार कमी. काही जण विचारतात स्कॅनर लावून सिस्टीमच बंद करून मिळंल का, आणि काहींनी तर त्या जागेवर काळी टेप चिकटवलेली असते. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं कारण ती लाइट गाडीतल्या माणसांच्या जिवासाठी दिलेली आहे आणि बहुतेक वेळा ती खरंच बोलत असते.

थंडीतली गोष्ट आधी सांगतो कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. समजा ऑक्टोबरमध्ये भर दुपारी तुम्ही ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली, तेव्हा बाहेर ३२-३३ डिग्री होतं. डिसेंबरात पहाटे आपल्याकडे पारा १२ च्या आसपास येतो, महाबळेश्वरकडे त्याहून खाली. हवा थंड झाली की आकसते आणि साधारण पाच-सहा डिग्रीला एक पीएसआय ह्या हिशोबाने नुसत्या थंडीनेच तीनच्या वर पीएसआय कमी होतात. त्यात चांगल्या टायरमधूनसुद्धा रबरातून महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप जातातच, त्याला पंक्चर लागत नाही. म्हणजे दोन महिने गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायचा मीटर, लावला नसेल तर ३३ चे २६-२७ झालेले असतात आणि गाडीच्या दरवाजातल्या स्टिकरवरच्या आकड्याच्या २०-२५ टक्के खाली गेलं की लाइट लागते. आता पुढे काय होतं ते बघा, सकाळी सात वाजता गाडी काढली, लाइट लागली, माणूस तसाच हायवेला लागला, लिंब फाट्याच्या पुढे जाईपर्यंत टायर गरम झाला, हवा फुगली, प्रेशर दोन-तीनने वाढलं आणि लाइट विझली. माणूस म्हणतो सेन्सरच येडा झालाय, कधी लागतोय कधी जातोय. सेन्सर अगदी शहाणा आहे. सकाळी हवा खरंच कमी होती आणि लाइट विझल्यावरही ती कमीच आहे, फक्त गरम झाल्यामुळे आकडा वर दिसतोय. थंडीच्या दिवसांत सकाळी लागून नंतर विझणारी लाइट म्हणजे चारही टायरला हवा भरायची वेळ झाली एवढाच अर्थ आहे, ह्यात एक पैसा खर्च नाही.

नायट्रोजन भरलाय म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. आपल्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि नायट्रोजनही थंडीत तेवढाच आकसतो, रबरातून जायचं प्रमाण थोडं कमी असतं इतकंच. नायट्रोजन वाल्या टायरमध्ये साधी हवा भरली तर काहीही बिघडत नाही, त्यामुळे नायट्रोजनचं दुकान उघडायची वाट बघत कमी हवेवर गाडी पळवू नका.

हवा किती भरायची ह्यावरही रोज वाद होतात. आकडा ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर चौकटीवर जो स्टिकर असतो त्याच्यावर असतो, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. टायरच्या बाजूला रबरावर जे ४४ किंवा ५१ पीएसआय लिहिलेलं असतं ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीची हवा नाही. तो आकडा बघून भरायला लावणारी माणसं मी बघितलीत आणि लाइट परत नको म्हणून मुद्दाम ४० च्या वर भरणारीही आहेत, त्याने लाइट येत नाही हे खरं पण टायर मधोमध झिजतो, गाडी उडते आणि ब्रेक मारल्यावर पकड कमी मिळते. स्टिकरवर बऱ्याचदा दोन आकडे असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि एक पाच माणसं आणि डिकी भरून सामान असेल तर. गणपतीला किंवा लग्नाला सगळं घर घेऊन निघताना दुसरा आकडा बघा. स्टिकरवर २३० लिहिलं असेल तर ते किलोपास्कल आहे, म्हणजे ३३ पीएसआय, आणि बारमध्ये तेच २.३, हवा भरणाऱ्या पोराला पीएसआयमध्येच सांगा म्हणजे घोटाळा होत नाही.

आणि हवा बघायची ती थंड टायरवर. गाडी निदान तीन तास उभी असेल किंवा घरापासून पंप एक-दोन किलोमीटरवर असेल तर चालतं. पुण्याहून खंबाटकी चढून-उतरून आलेल्या गाडीचा टायर ३७-३८ दाखवतो आणि मग तिथे पोरगा सुईने हवा सोडून ३३ करून देतो, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये २९ असते आणि लाइट लागते. गरम टायरची हवा कधी सोडू नका. गरम टायरला भरायचीच वेळ आली तर स्टिकरपेक्षा तीन-चार जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना परत बघा. स्टेपनीचीही बघा, ती वर्षानुवर्षं कोणी बघत नाही आणि नेमकी लागते तेव्हा तीच बसलेली असते.

कोणी म्हणेल पाच-सहा पीएसआयने काय होतंय. कमी हवेचा टायर प्रत्येक चक्कराला बाजूने जास्त दुमडतो आणि दुमडून दुमडून आतून तापतो. गावात ३०-४० च्या स्पीडला कळत नाही, पण हायवेला उन्हात गाडी भरून १०० ने तासभर पळवली की आतलं रबर आणि तारांचे थर सुटायला लागतात आणि टायर फुटतो. फुटलेला टायर दुकानात आला की आम्ही रिमवरून काढून आतून हात फिरवतो, बाजूच्या भिंतीला आतून गोल काळपट पट्टा पडलेला असतो आणि तळाला रबराचा काळा भुसा जमलेला असतो. नुसता दगड लागून फुटला असता तर भुसा नसता, हा बराच वेळ कमी हवेवर पळालेला टायर असतो. बाहेरून बघितलं तर टायर नवा, नक्षी चांगली. रेडियल टायर तसाही खाली थोडा फुगीर दिसतो त्यामुळे नुसतं बघून किंवा लाथ मारून हवा कळत नाही, माझ्यासारख्या रोज टायर हाताळणाऱ्यालाही कळत नाही, गेज लावावाच लागतो.

ही सिस्टीम आली तीच माणसं मेल्यावर. अमेरिकेत २००० साली टायरचे थर सुटून गाड्या उलटण्याचं मोठं प्रकरण झालं, दोनशेच्या वर माणसं गेली, त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या कारमध्ये ही लाइट सक्तीची झाली.

आता सिस्टीम दोन प्रकारच्या असतात आणि तुमच्या गाडीत कुठली आहे हे माहीत असणं फार गरजेचं आहे. एका प्रकारात प्रत्येक चाकात व्हॉल्वच्या आतल्या टोकाला सेन्सर बसवलेला असतो, साधारण काडेपेटीएवढा, त्यात बॅटरी असते आणि तो रेडिओने गाडीला प्रेशर कळवतो. स्क्रीनवर चारही टायरचे आकडे वेगवेगळे दिसत असतील तर तुमची गाडी ह्या प्रकारची. दुसऱ्या प्रकारात टायरमध्ये काहीच नसतं, ब्रेकच्या एबीएस सिस्टीमचे सेन्सर चाकं किती फिरतात ते मोजतात, हवा कमी झालेला टायर किंचित लहान होतो म्हणून बाकीच्यांपेक्षा जास्त चक्कर मारतो आणि त्यावरून गाडी ओळखते. ह्या प्रकारात आकडे दिसत नाहीत, नुसती लाइट लागते आणि चारही टायरची हवा एकसारखी हळूहळू उतरली तर ती ओळखणं ह्या सिस्टीमला अवघड जातं, त्यामुळे लाइट नाही म्हणजे हवा बरोबर आहे असं समजू नका, महिन्यातून एकदा गेज लावाच.

दुसऱ्या प्रकारात रिसेटचं बटन असतं, कधी स्टिअरिंगच्या खाली, कधी स्क्रीनच्या मेनूमध्ये. लोक लाइट लागली की पहिल्यांदा ते दाबतात. व्हिडिओ बघून दाबतात, मित्राने सांगितलं म्हणून दाबतात, लाइट जाते आणि खूश होतात. रिसेट दाबणं म्हणजे आत्ता टायरमध्ये जी हवा आहे तीच बरोबर आहे असं गाडीला शिकवणं. हवा २५ असताना दाबलं तर गाडी २५ लाच बरोबर धरते आणि आणखी बरीच उतरेपर्यंत गप्प बसते. म्हणून आधी थंड टायरला स्टिकरप्रमाणे चारही चाकांची हवा करायची, मग रिसेट दाबायचं आणि त्यानंतर गाडी थोडी सरळ रस्त्याने चालवायची म्हणजे ती नीट शिकते. हवा न भरता रिसेट दाबू नका, हे पत्र वाचून एवढं एक जरी लोकांनी लक्षात ठेवलं तरी खूप झालं.

गाडी सुरू केल्यावर लाइट आधी मिनीट-दीड मिनीट मिचमिचत असेल आणि मग कायमची लागत असेल तर मात्र गोष्ट वेगळी आहे. तेव्हा गाडी सांगतीय की मला टायरशी बोलता येत नाही, म्हणजे सेन्सर किंवा सिस्टीममध्ये बिघाड आहे. सेन्सरची बॅटरी पाच ते दहा वर्षं चालते, ती आत सील असते त्यामुळे नुसती बॅटरी सहसा बदलता येत नाही, सेन्सरच बदलावा लागतो आणि चारही एकाच वयाचे असल्यामुळे एक गेला की बाकीचेही मागोमाग जायला लागतात. बाहेरून अलॉय व्हील बसवले आणि जुने सेन्सर त्यात घातलेच नाहीत तरी लाइट मिचमिचते, सेन्सर नसलेली स्टेपनी लावली तरी मिचमिचते. चाकं पुढची मागे केली असतील तर स्क्रीनवर चाकांच्या जागा उलट्या दिसू शकतात, काही गाड्या थोड्या चालवल्यावर स्वतः ओळखतात, काहींना मशीन लावून शिकवावं लागतं. त्यामुळे स्क्रीनवर पुढचा डावा कमी दिसतोय म्हणून त्यालाच हवा भरून निघू नका, चारही बघा.

एकाच टायरची हवा दर दोन-चार दिवसांनी कमी होत असेल तर ते थंडीचं काम नाही, ते पंक्चर किंवा लीकेज आहे. आपल्या भागात गाळप सुरू झालं की हे फार वाढतं. रस्त्यावर बैलाच्या नालेचे खिळे पडलेले असतात, ट्रॉलीचे बोल्ट, तारा असतात आणि आता शेंद्र्याच्या पुढे हायवेच्या सहापदरीचं काम, तिथे बाइंडिंग वायरचे तुकडे. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी तो तसाच रुतून बसतो आणि हवा हळूहळू जाते, म्हणून रस्त्यात खिळा दिसला तर उपटू नका, हवा भरा आणि हळू चालवत जवळच्या दुकानात या. घरीही बघता येतं, बाटलीत साबणाचं पाणी करा, व्हॉल्वची टोपी काढून तोंडावर टाका, मग नक्षीवर आणि रिमच्या कडेला गोल टाका आणि घाई न करता बघत बसा, बारीक लीकेज असेल तर बुडबुडा यायला अर्धा-एक मिनीट लागतो. व्हॉल्वला थुंकी लावून बघायची सवय आहे लोकांना, पण त्याने फक्त व्हॉल्व कळतो आणि कितीतरी वेळा हवा रिमच्या कडेने जात असते, खड्ड्यात आपटून अलॉय किंचित वाकलेला असतो. व्हॉल्वची पिन सैल असेल तर पिनच्या चावीने आवळली की काम होतं. व्हॉल्वची टोपी हरवली असेल तर बसवून घ्या, पिनवर धूळ-चिखल गेला की तिथूनच हवा मुरते.

पंक्चर काढायला गेलात तर टायर रिमवरून उतरवायच्या आधी सांगा की आत सेन्सर आहे. हे मी माझ्या धंद्यातल्या भावांसाठीही लिहितोय. टायर रिमपासून सोडवायचा मशीनचा फावडा व्हॉल्वजवळ दाबला किंवा लिव्हर तिथेच घातली की सेन्सर तुटतो, मग तिथून पुढे गिऱ्हाईकाची लाइट कायमची मिचमिचते आणि त्याला कळतही नाही का. व्हॉल्वपासून लांब फावडा लावायचा, लिव्हर घालताना व्हॉल्व कुठे आहे ते बघायचं, एवढंच काम आहे. रस्त्यात टायरमध्ये पंक्चर बुजवायचं लिक्विड घालून गाडी आणली असेल तर तेही दुकानदाराला सांगा, ते वेळ मारून न्यायला ठीक आहे पण आतून पुसून काढावं लागतं, सेन्सरच्या भोकात जाऊन बसलं तर प्रेशर चुकीचं दाखवतं.

२०२० साली केंद्र सरकारने नियम बदलला, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि ही प्रेशरची सिस्टीम असेल तर स्टेपनी द्यायची सक्ती राहिली नाही. म्हणजे अशा गाडीत स्टेपनीच्या जागी ही लाइट आहे. केळघर घाटात किंवा कुंभार्लीत रात्री टायर बसला, गाडीत स्टेपनी नाही आणि लाइटला टेप लावलेली, तर काय करणार? असली गाडी असणाऱ्यांनी तरी ती लाइट जपावी आणि किट वापरायचं कसं ते घरी एकदा दिवसाउजेडी करून बघावं.

चालत्या गाडीत अचानक लाइट लागली आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली तर करकचून ब्रेक मारू नका, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, ॲक्सिलेटर सोडा, स्पीड आपोआप उतरू द्या आणि डावीकडे मोकळी जागा बघून थांबा. बोगद्यात किंवा घाटाच्या वळणावर थांबू नका, रिम गेली तर जाऊ द्या.

आता पंपांबद्दल. हवा फुकट आणि नीट देणं ही पेट्रोल पंपाची जबाबदारी आहे, ती काही मेहेरबानी नाही. पण आपल्या जिल्ह्यात हवेची मशीन बंद, पाइप फाटलेला, पोरगा जेवायला गेलाय, हे नेहमीचं झालंय. आणि मशीन चालू असेल तर गेज बरोबर आहे ह्याची खात्री नाही. माझ्याकडे आलेल्या गाड्यांत, आत्ताच पंपावर ३३ भरून आलो म्हणणाऱ्यांच्या टायरला गेज लावला की कधी २८ निघते कधी ३८, आणि मग तो माणूस गाडीच्या सेन्सरला दोष देतो. दिवसभर गेज जमिनीवर आपटला जातो, पाइपवरून गाड्या जातात, तो बरोबर राहणार कसा. पेट्रोल कमी मिळतंय असं वाटलं तर आपण पंपावर पाच लिटरचं माप मागू शकतो, तसंच हवेचा गेज तपासून दाखवायची सोयही पाहिजे. माझी वैधमापन विभागाला आणि तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना विनंती आहे की पंपाच्या तपासणीला याल तेव्हा हवेच्या मशीनला स्वतःचा गेज लावून बघा, आणि चुकत असेल तर दुरुस्त होईपर्यंत तिथे तसा बोर्ड लावायला सांगा. गाडीवाल्यांनीही बंद मशीन दिसली की नुसतं पुढे न जाता पंपावरच्या तक्रार वहीत लिहावं, कंपनीचा नंबर बोर्डवर असतो त्यावर कळवावं.

आमच्या दुकानदारांपैकी ज्यांच्याकडे चांगला डिजिटल गेज आहे त्यांनी तो काउंटरवर ठेवावा आणि कोणी नुसतं प्रेशर बघून द्या म्हणालं तर पैसे न घेता बघून द्यावं. मी माझ्या दुकानात बघून देतो, पंपावाल्यांनी आपला गेज आणला तर तोही ताडून देईन, फक्त सकाळी लवकर या, म्हणजे टायर थंड असतात.

आपला,
एक टायर दुकानदार, सातारा